यादीत नसलेली पितळी टोपी

एक सांगा. विश्वास कोणावर ठेवाल? छापून आलेल्या यादीवर, की वीस वर्षं तेच काम करत आलेल्या हातावर? घाईनं उत्तर देऊ नका. आमच्या शेठजींनी घाई केली होती, आणि शेठजी म्हणजे गिऱ्हाईक पायरी चढायच्या आत त्याला काय हवंय ते ओळखणारा माणूस. तेही चुकले.

मी एक पितळी टोपी बोलतेय. हसू नका. आजवर वीस हजारांवर दांड्यांना घातली गेले, माणसाला एकदाही नाही. अंगठ्याएवढी उंच, दोन बोटं आत जातील एवढी पोकळ, वरचं टोक निमुळतं आणि गुळगुळीत, खालची कड कागदासारखी पातळ. पाण्याचे पंप जोडायच्या एका कारखान्यात माझं आयुष्य गेलं. पण कुठल्याही पंपात मी नाही. पंप उघडा, नट न नट मोजा, मी सापडणार नाही. माझं कामच तसं आहे.

ते काम आधी समजून घ्या, म्हणजे पुढचं सोपं जाईल. पंपाला एक लोखंडी दांडा असतो. त्याच्या टोकाला पाणी ढकलणारा पंखा बसतो. पंखा दांड्यावर निसटून फिरू नये म्हणून दांड्याला खाच पाडलेली असते आणि खाचेत छोटी चावी बसते. पंख्याच्या मागे एका झाकणात रबराचं सील असतं, दांड्याला घट्ट आवळून बसणारं. पाणी मागे झिरपू द्यायचं नाही, एवढीच त्याची नोकरी. या सीलला नाजूक ओठ असतो. आता गोम अशी, की आपल्या जागी पोचायला सीलला त्या खाचेवरूनच जावं लागतं, आणि खाचेच्या कडा ब्लेडसारख्या. ओठ जरा घासला की चिरला. चीर केसाएवढी. माणसाला दिसत नाही, पाण्याला बरोबर दिसते.

म्हणून आधी दांड्याच्या टोकावर मला चढवायचं. खाच माझ्याखाली झाकली जाते. सील माझ्या पाठीवरून घसरत सुखरूप पलीकडे जातं. मग मला काढून घ्यायचं. सात-आठ सेकंदांचा संसार.

मला घडवलं लेथवर काम करणाऱ्या काकांनी. ते मावशीचे यजमान. मावशी म्हणजे आमच्या जोडणीच्या टेबलाची मुख्य जोडारी. सगळा कारखाना तिला मावशीच म्हणायचा, शेठजीसुद्धा, आणि शेठजी तिच्याहून बारा वर्षांनी मोठे. सुरुवातीला ती खाचेवर चिकटपट्टी गुंडाळायची. पट्टी कधी सुटायची, कधी तिचा तुकडा आतच राहायचा, आणि पंप गळायचा. गळलेला पंप परत उघडावा लागला, की त्या दिवशी मावशीचा डबा अर्धा परत जायचा. काकांनी ते हेरलं. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी भंगारातला पितळेचा तुकडा लेथला लावला. तीनदा मला दांड्यावर घालून पाहिलं, तीनदा परत लेथवर घेतलं. शेवटी पॉलिशपेपर घेऊन टोक घासत बसले.

"एवढं काय घासताय?" मावशी म्हणाली. "कुणाच्या डोक्यावर घालून मिरवायची आहे का?"

"तुझ्या बोटांना लागेल ना रोज," काका म्हणाले, आणि त्यांनी मला तिच्या अ‍ॅप्रनच्या डाव्या खिशात टाकलं.

अशी मी भंगारातून आले आणि खिशात गेले. कारखान्याच्या कुठल्याच कागदावर चढले नाही. पाच वर्षांनी काका गेले. त्यांच्या लेथवर दुसरा माणूस आला. मावशीनं त्यानंतर माझ्याबद्दल बोलणंच सोडलं. डावा हात खिशात जायचा, मी दांड्यावर, सील पार, मी परत खिशात. ती माझ्याकडे बघतही नसे. श्वास घेताना आपण नाकाकडे बघतो का?

खोटं कशाला बोलू, मला एक हाव होती. एकदा तरी पंपात राहावं. जो तो पंप मला दारापर्यंत घेऊन जायचा आणि दारातून परत पाठवायचा. पुढे तो कुठे जायचा, कुणाच्या इमारतीवर पाणी चढवायचा, भरात आल्यावर त्याचा आवाज कसा यायचा, मला काही कळायचं नाही. पाण्याच्या टाकीवर दोन मिनिटं चाचणी व्हायची, तीही भिंतीपलीकडे. खिशाच्या अंधारात मी कान देऊन असायचे. एवढ्या लेकरांना उंबरठा ओलांडून दिला, पण एकाचाही संसार पाहिला नाही.

बोलायला मात्र शिकले शेठजींकडून. त्यांची शाळा अर्धवट सुटलेली, बाकी सगळं दुकानात शिकलेले. मावशीच्या टेबलाशेजारच्या स्टुलावर बसून ते चहा पीत गोष्टी सांगायचे. एकदा म्हणे एक गिऱ्हाईक तणतणत आलं, "तुमचा पंप पाणीच देत नाही!" शेठजींनी वाद घातला नाही. चहा पाजला, पंप उघडला, पुसला, बंद केला आणि बसवायला स्वतः त्याच्या घरी गेले. परत आले ते हसतच. "पंप चोख आहे हो मावशी. त्याच्या टाकीतच पाणी नव्हतं. पण मी तसं म्हटलं नाही. म्हटलं, पंपाला तहान लागलीय. माणसाला लाज वाटली नाही, आणि पुढच्या वर्षी मेव्हण्याला घेऊन आला." माणूस ओळखण्यात असा माणूस. म्हणून तर पुढचं मनाला लागलं.

मावशीचा उजवा खांदा दुखायला लागला. पंप जोडताना तो टेबलावर तीनदा उलटा-सुलटा करावा लागायचा, आणि पंप काही उशी नव्हे. डॉक्टरांनी हात झोळीत बांधून तीन आठवडे घरी बसायला सांगितलं. नेमकी तेव्हाच दूधडेअरीची दोनशे पंपांची मागणी आली होती.

शेठजींच्या सूनबाई शिकलेल्या इंजिनिअर. त्यांनी सगळा पंप आधीच कॉम्प्युटरवर काढून ठेवला होता, भागन् भाग, मापासकट. त्या म्हणाल्या, "बाबा, काळजी करू नका. जोडणीचा क्रम कॉम्प्युटरच काढून देईल. तो दोन नव्या जोडाऱ्यांना शिकवू."

"कॉम्प्युटरनं कधी पाना धरलाय का?" शेठजींनी विचारलं.

सूनबाईंनी पडद्यावर दाखवलं. पूर्ण जोडलेला पंप. कॉम्प्युटर त्याचा एकेक भाग ओढून बघतो. या बाजूनं निघतो का? अडला, तर त्या बाजूनं? जो न अडता निघतो, तो बाजूला. शेवटी सगळं सुटं झालं, की तीच यादी खालून वर वाचायची. झाली जोडणी.

"म्हणजे जिना उतरताना पायऱ्या मोजून ठेवायच्या आणि त्याच चढायच्या," शेठजी म्हणाले.

"अगदी!"

"चढताना धाप लागते, ते घाला म्हणावं त्याच्यात," मावशी पुटपुटली. सगळे हसले. मीही हसले खिशात. तेव्हा कुणालाच कळलं नाही, की सगळी गोष्ट तिथेच होती.

रजेवर जाण्याआधी सूनबाई वही घेऊन मावशीजवळ बसल्या. "मावशी, एकदा सगळं तोंडानं सांगा. काय लागतं, कशानंतर काय." मावशीनं सांगितलं. दांडा, बेअरिंग, झाकण, सील, चावी, पंखा, नट. सूनबाईंनी पडद्याशी ताडून पाहिलं. एक नट कमी नाही, एक जास्त नाही. मी खिशात वाट बघत होते. आता माझं नाव घेईल, आता घेईल. मावशी अ‍ॅप्रनची नाडी सोडत म्हणाली, "बाकी काही नाही गं. हाताला येतं आपोआप." आणि अ‍ॅप्रन घडी करून घरी घेऊन गेली. धुवायला. खिशात मी तशीच.

तो अ‍ॅप्रन धुतला गेलाच नाही. हात झोळीत, कोण धुणार? तो तिच्या खोलीच्या दाराच्या मागे खुंटीला लटकला, आणि मी त्याच्यात. मावशीची खोली एका जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. खालच्या टाकीवरचा पंप सकाळ-संध्याकाळ असा कण्हायचा, की मावशी रेडिओ मोठा करायची.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं नाही, नंतर ऐकलं. नव्या जोडाऱ्यांनी यादीबरहुकूम चाळीस पंप जोडले. टाकीवर चढवले, तर एकतीस गळले. सीलं बदलली, पुन्हा गळले. दुसऱ्या दुकानातली सीलं आणली, तीही गळली. यादी तपासली तर बिनचूक. कारखान्यात कुजबुज सुरू झाली. मग शेठजींच्या तोंडून ते वाक्य गेलं, "मावशीनं हातचं राखून सांगितलं. यंत्रानं आपली जागा घेऊ नये म्हणून."

दहाव्या दिवशी सूनबाई खोलीवर आल्या. पाणीही न पिता त्यांनी पर्समधून एक चिरलेलं सील काढून मावशीच्या मांडीवर ठेवलं. "मावशी, एकतीस गळले. बाबा म्हणतात..."

"काय म्हणतात?"

"की तुम्ही काहीतरी सांगितलं नाही. मुद्दाम."

मावशीनं सील उचलून त्याच्या ओठावरून बोट फिरवलं. "बावीस वर्षं," ती म्हणाली. "बावीस वर्षांत माझ्या हातचा पंप परत आला तर मी दुसऱ्याचं नाव पुढे केलं का कधी? आणि आज मी चोर?"

"मी नाही म्हणत, मावशी."

"मग कशाला आलीस?"

"तुम्ही चोर नाही, हे मला बाबांना दाखवायचंय. पण माझी यादीही चूक नाही. मग राहिलं काय?"

मावशीला खरंच ठाऊक नव्हतं. तिनं पुन्हा सगळं सांगितलं, तेच, त्याच क्रमानं. माझा जीव खुंटीवर तडफडत होता. चार हातांवर मी, आणि मला तोंड नाही! मावशीचे डोळे भरून आले. तिचं नाव जात होतं, आणि वाचवायला काय बोलावं तेच तिला सापडत नव्हतं.

"तोंडानं नको," सूनबाई एकदम म्हणाल्या. "हातानं करून दाखवा. हवेत."

"एका हातानं?"

"एका हातानं."

मावशी ओशाळली, पण खुर्चीत सरळ बसली. समोर टेबल नाही, पंप नाही. डाव्या हातानं हवेतला दांडा धरला. बेअरिंग ठोकून बसवलं. मग हात खाली कमरेशी गेला, परत वर आला, दांड्याच्या टोकावर क्षणभर टेकला, आणि मग झाकण उचलायला वळला.

"थांबा. आत्ता हात कमरेशी का गेला?"

"कुठे गेला?"

"पुन्हा करा."

पुन्हा केलं. पुन्हा गेला. मावशीनं स्वतःच्याच हाताकडे पाहिलं, एखाद्या परक्या माणसाकडे पाहावं तसं. हात कमरेशी होता, अ‍ॅप्रनचा खिसा असतो तिथे, दोन बोटं चिमटीसारखी जुळलेली. तिनं हळूच मान वळवून दाराकडे पाहिलं.

मला सूनबाईंनी खिशातून काढलं. खिडकीच्या उजेडात धरलं, बोटावर घातलं, चिरलेलं सील माझ्यावरून अलगद सरकवून पाहिलं. मग मला तळहातावर घेऊन त्या मावशीसमोर आल्या.

"हे का नाही सांगितलंत?"

"तू पंपाचं विचारलंस गं," मावशी म्हणाली. "हे पंपाचं कुठंय? हे आमच्या ह्यांनी मला दिलेलं."

दुसऱ्या दिवशी शेठजी आले, तीन मजले चढून. त्यांना जिना चढायची मनाई होती. दारात उभे राहून धापा टाकत राहिले. मावशी उठली नाही.

"या. धाप लागली ना? कॉम्प्युटरला सांगा."

"सांगतो," शेठजी म्हणाले. "मावशी, मी..."

"शेठजी, तुम्ही गळका पंप परत घेता. तसा शब्द परत घेता येतो का?"

"नाही येत." ते खुर्चीच्या कडेवर बसले. "म्हणून तर स्वतः आलोय. जो शब्द सगळ्यांसमोर गेला, तो सगळ्यांसमोरच पुसणार. तुम्ही याल त्या दिवशी. याल ना?"

मावशी उठली. चहा टाकला, एका हातानं. शेठजींना एवढं पुरलं.

आणि त्यांनी शब्द पाळला. टेबलाभोवती सगळ्यांना बोलावून म्हणाले, "मी मावशीला खोटं म्हटलं. खोटा मी होतो. गिऱ्हाईक ओळखतो म्हणून मिरवतो, घरचं माणूस ओळखलं नाही."

सूनबाईंनी व्हर्निअर लावून माझी मापं घेतली आणि मला पडद्यावर काढलं. तिथे नवीच अडचण. कॉम्प्युटर जोडलेला पंप उलगडत जातो, आणि जोडलेल्या पंपात मी नसतेच. तो विचारणार, हा भाग शेवटी कुठे बसतो? कुठेच नाही. मग नाहीच. आणखी एक चूक सूनबाईंची होती, ती त्यांनी सरळ कबूल केली. त्यांनी सीलचा ओठ दांड्याच्या मापाचाच काढला होता, खरा तो लहान असतो, ताणून बसतो. म्हणून पडद्यावरचं सील कुठेही न घासता सुळकन् निघून यायचं. त्यांनी ओठ खऱ्या मापाचा केला, आणि पहिल्यांदा कॉम्प्युटर स्वतःच त्या खाचेपाशी अडला. लाल रेघ दाखवून थांबला. मग सूनबाईंनी त्याला शिकवलं, की काही भाग येण्यासाठी असतात आणि जाण्यासाठीही. नव्या यादीत सहाव्या ओळीवर आलं, "टोपी चढवा." आठव्या ओळीवर, "टोपी काढा."

मावशी ते वाचायला सगळ्यात आधी पुढे झाली. बोट ठेवून दोनदा वाचलं. मग पदराचं टोक डोळ्यांना लावलं.

आता न्यायाचं बोलायचं तर त्या यंत्राचंही ऐका. त्याच्या यादीत पंप तीनदा नव्हे, एकदाच उलटा करावा लागत होता. खालचे पाय शेवटी बसवायचे, एवढाच काय तो फरक. मावशीनं करून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अगं बाई! बावीस वर्षं मी याला उगाच कोलांट्या मारायला लावल्या? आधी का नाही सुचलं मेलं!" त्या वर्षी तिचा हात पुन्हा झोळीत गेला नाही. डेअरीला दोनशेच्या दोनशे पंप न गळता, कोरडे गेले.

माझं काय झालं, ते विचाराल. माझं ड्रॉइंग झालं, नंबर मिळाला, आणि ड्रॉइंगवरून माझ्यासारख्या बारा टोप्या कातून आल्या. स्टीलच्या, चकचकीत. एकेक जोडाऱ्याच्या टेबलावर एकेक. मावशी मात्र मलाच वापरायची. पण दीड वर्षानं तीही थांबली.

निरोपाच्या दिवशी शेठजी म्हणाले, "घड्याळ देणार होतो. मग म्हटलं, हिला कुठे वेळेवर जायचंय आता? तुम्हीच सांगा काय हवंय."

"आमच्या इमारतीचा पंप कण्हतो," मावशी म्हणाली. "आपला एक बसवा. मी जोडते."

तो पंप तिनं त्याच दुपारी जोडला. माझा शेवटचा. दांड्यावर चढले, सील माझ्या पाठीवरून गेलं, आणि मला काढताना तिची चिमूट नेहमीपेक्षा अंमळ थांबली. मला वाटलं, राहू देईल का? वेडी मी. राहिले असते तर पंखा कुठे बसला असता?

सूनबाई म्हणाल्या, "मावशी, टोपी घेऊन जा. ती पंपाची नाही, तुमची आहे." हे त्यांना आता पाठ झालं होतं.

तर मी आता त्याच दारामागे, त्याच खिशात आहे. अ‍ॅप्रन आता स्वच्छ धुतलेला असतो. पितळ काळवंडलंय. दिवसातून एखाद्या वेळी मावशी जाता-येता खिशावरून हात फिरवते, काहीही काम नसताना. तेवढं सोडलं तर दांड्याचा थंडावा नाही, सीलचा तो रबरी आवळ नाही, काकांच्या लेथचा आवाज तर नाहीच नाही. फार आठवतं. आठवण्याशिवाय मला आता दुसरा धंदा नाही.

पण रोज सकाळी खाली तो पंप सुरू होतो. एकसंध, शांत घुमतो, आणि भिंतीच्या नळातून पाणी वर चढताना ऐकू येतं. वीस हजारांतल्या एकाचा संसार मला अखेर ऐकायला मिळाला. आत मी नाही. पण तो गळत नाही.

म्हणून जाता जाता एक विनंती. एखादं काम तडीला गेलं, एखादं माणूस उभं राहिलं, की तुम्ही यादी करायला बसता, कुणाकुणामुळे झालं ते. बसा जरूर. पण जे आज जागेवर दिसतायत तेवढेच मोजू नका. धारदार जागेवर झाकण होऊन थांबले आणि मग बाजूला झाले, त्यांचीही एक ओळ लिहा. हिशेब तेवढा प्रामाणिक ठेवा.